वादळाआधी वाचून ठेव

फोर्ट लॉडरडेल
१८ मे

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

वास्तुशांत नीट पार पडली, फोटो पाहून बाबांना आणि मला बरं वाटलं. आता १ जून जवळ आला. त्या दिवशी हरिकेनचा मोसम सुरू होतो तो ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, आणि टँपाकडचं तुमचं हे पहिलंच वर्ष. ओवी दीड वर्षाची, जुलैपासून सईचे आई-बाबा पुण्याहून येऊन राहणार, म्हणजे ऐन सप्टेंबरात घरात पाच माणसं. या गोष्टी फोनवर निम्म्या राहून जातात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. सईलाही वाचायला दे.

घरात काय भरून ठेवायचं ते नंतर बघू. आधी हे घर थांबण्याजोगं आहे का ते ठरव. फ्लोरिडात सगळे एकच सांगतात, पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत चक्रीवादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी सुमारे ९० टक्के पाण्यामुळे गेले, आणि एकूण बळींतले जवळजवळ निम्मे समुद्राचं पाणी किनाऱ्यावर चढून आल्यामुळे. भक्कम घर वारा सोसतं, पण आत शिरणाऱ्या समुद्रापुढे त्याचा काही इलाज नसतो.

तुमच्या हिल्सबरो काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, घरं रिकामी करण्यासाठी ए ते ई असे पाच झोन पाडले आहेत. ए सगळ्यात आधी रिकामा करतात. तुमच्या रिव्हरव्ह्यू गावाच्या नावातच नदी आहे; अलाफिया नदीच्या काठचं घर आणि दोन मैल आतलं घर यांचा पिनकोड एक असला तरी झोन वेगळा असू शकतो. म्हणून शेजाऱ्याला विचारून ठरवू नकोस, काउंटीच्या संकेतस्थळावर आपला पत्ता घालून बघ. आणि घर घेताना बँकेने जो फ्लड झोन दाखवला तो हा नव्हे. तो विम्यासाठी असतो, पावसाने आणि नदीने येणाऱ्या पुराचाही त्यात विचार असतो. घर सोडायचा आदेश निघतो तो ए-बी-सीच्या हिशेबाने. या दोन नकाशांची गल्लत फार जण करतात. तुमच्या झोनला निघा म्हटलं की निघायचं, वादळ कितव्या कॅटेगरीचं आहे ते बघत बसायचं नाही.

कॅटेगरीबद्दल इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. एक ते पाच हा आकडा फक्त वाऱ्याच्या वेगाचा आहे. ताशी १११ मैलांना तिसरी लागते आणि तिथून पुढच्या वादळाला मेजर हरिकेन म्हणतात. १३० ला चौथी, १५७ ला पाचवी. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, हे त्या आकड्यात कुठेच नाही. तुमच्याच भागातली २०२४ ची दोन वादळं शेजारी-शेजारी ठेवून बघ. सप्टेंबरच्या शेवटी हेलीन आलं. त्याचा डोळा टँपापासून शंभर मैलांहून दूर समुद्रातून वर गेला, जमिनीला लागला तो पार उत्तरेला बिग बेंडमध्ये. तरी टँपा बेमध्ये पाणी सुमारे ७ फूट चढलं. दोन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला मिल्टन आलं ते थेट सिएस्टा कीवर, म्हणजे तुमच्या दक्षिणेला. डोळा दक्षिणेला पडल्यामुळे तुमच्याकडचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि खाडीचं पाणी उलट ओसरलं. पण पाऊस असा पडला की सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त नोंदला गेला. डोळा तीस-चाळीस मैल इकडे की तिकडे, एवढ्यावर कुणाच्या दारात समुद्र आणि कुणाच्या दारात तळं हे ठरतं, आणि तो नेमका कुठे लागणार हे आदल्या रात्रीपर्यंत पक्कं नसतं.

अंदाज बघायचा तो नॅशनल हरिकेन सेंटरचा. सकाळी ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११, अशी दिवसातून चारदा त्यांची माहिती येते. किनाऱ्याला इशारा लागला की मधल्या वेळांनाही येते. नकाशावरचा तो पुढे रुंद होत जाणारा पांढरा पट्टा म्हणजे वादळाचा आकार नव्हे. वादळाचा मध्य कुठून जाईल याचा तो अंदाज आहे, आणि तीनदा पैकी सरासरी एकदा मध्य त्या पट्ट्याबाहेर जातो. तेव्हा पट्ट्याच्या कडेला आपलं घर आहे म्हणून सुटकेचा श्वास टाकू नकोस. हरिकेन वॉच लागला म्हणजे जोराचा वारा सुरू व्हायला साधारण ४८ तास आहेत, वॉर्निंग म्हणजे ३६ तास. घरची सगळी कामं वॉचच्या वेळी संपलेली हवीत.

जायची वेळ आलीच तर लांब जायचं नाही. २००५ मध्ये रीटा वादळाच्या वेळी ह्यूस्टनहून लाखो लोक एकाच वेळी निघाले आणि त्या पळापळीत, रस्त्यावरच्या उन्हात आणि अपघातांत शंभरावर माणसं दगावली. लेकलंडकडे तीस-चाळीस मैलांवर कुणाकडे तरी, पाणी पोचणार नाही अशा पक्क्या घरी उतरायचं आत्ताच बोलून ठेव. जून लागला की गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. वारा ताशी ४० मैलांच्या आसपास गेला की खाडीवरचे पूल बंद होतात, आणि अँब्युलन्स, अग्निशमन दलही बाहेर पडत नाही. त्यानंतर ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन लागला तरी मदत वारा उतरल्यावरच येणार.

समजा झोन सुरक्षित निघाला आणि थांबायचं ठरलं. तर आता घर.

सईच्या बाबांना पुण्यातल्या आरसीसीच्या घराची सवय आहे. दारं-खिडक्या लावल्या की वादळ बाहेर, असं त्यांना वाटणार. तुमच्या घराचा तळमजला काँक्रीट ब्लॉकचा आणि वरचा मजला लाकडी सांगाड्याचा आहे. छत म्हणजे लाकडी कैच्या, त्यावर प्लायवुड, त्यावर शिंगल्सची पातळ कौलं. अशा घराला वारा ढकलतो त्याहून जास्त उचलतो. त्यात एखादी खिडकी किंवा गॅरेजचं दार गेलं की वारा आत घुसून छताला खालून रेटतो, वरून ओढ असतेच. छपरं उडतात ती अशी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: ७५ मैलांचा वारा १५० झाला तर दाब दुप्पट नाही, चौपट. म्हणून सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी करायची, बाहेरचं कवच कुठे फुटू द्यायचं नाही.

१९९२ मध्ये अँड्र्यू वादळाने होमस्टेड शहर उद्ध्वस्त केलं, त्यातून धडा घेऊन सगळ्या राज्याला एकच बांधकाम संहिता २००२ पासून लागू झाली. तुमचं घर त्यानंतरचं आहे, ही मोठी जमेची बाजू. तरीही एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, टॉर्च घेऊन छपराखालच्या माळ्यावर, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये चढ. पाय फक्त लाकडी कैच्यांवर द्यायचा, मधल्या ड्रायवॉलवर, म्हणजे जिप्समच्या पातळ फळीवर, दिलास तर खालच्या खोलीत उतरशील. कडेला, जिथे कैची भिंतीवर टेकते तिथे इन्सुलेशन जरा बाजूला कर. तिथे नुसतेच तिरके ठोकलेले खिळे दिसले तर जोड कच्चा. कैचीच्या एका बाजूला पत्र्याची क्लिप तीन खिळ्यांनी बसवलेली असेल तर ठीक. आणि पत्र्याची पट्टी भिंतीतून वर येऊन कैचीवरून वळून दुसऱ्या बाजूला खाली खिळलेली असेल तर उत्तम. दोन-चार जोड बघून थांबू नकोस, कोपऱ्यांतले बघ. वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त कोपऱ्यांना असते. याचा फोटो काढून विंड मिटिगेशनची, म्हणजे घर वाऱ्याला किती टिकेल याची, तपासणी करून घेतलीस तर विम्याचा हप्ताही कमी होतो.

गॅरेजचं दार हा घराचा सगळ्यात रुंद आणि सगळ्यात लेचापेचा भाग. आतल्या बाजूने दारावर एक छोटं लेबल असतं, त्यावर ते किती दाबाला टिकतं ते लिहिलेलं असतं. लेबलच नसेल तर दार जुनं किंवा बिनदर्जाचं समजायचं आणि एक तर बदलायचं, नाही तर उभे आधार लावायचं किट आत्ताच बसवून घ्यायचं. गाडी आतून दाराला टेकवून उभी केली की झालं, या समजुतीवर विसंबू नकोस.

खिडक्यांचं बघ. गॅरेजच्या कोपऱ्यात नंबर घातलेले पन्हाळीदार पत्रे रचलेले असतील, तीच तुमची शटर्स. जूनच्या आधीच्या एखाद्या शनिवारी ती सगळी लावून बघ. हमखास अडतं ते असं: विंगनटचा, म्हणजे हाताने फिरवायच्या नटांचा, डबा सापडत नाही, सापडला तर निम्मे नट गंजलेले, खिडकीवरच्या पट्टीत रंगाच्या दोन थरांनी बोल्टाची भोकं बुजलेली, आणि नंबर पुसट झाल्यामुळे कुठला पत्रा कुठल्या खिडकीचा तेच कळत नाही. वरच्या मजल्यासाठी शिडी आणि दोन माणसं लागतात. पहिल्या खेपेला सहा तास जातात, दुसऱ्या खेपेला तीन. वारा सुटल्यावर शिडीवर चढून हातात पत्रा धरायचा नाही, तो शिडासारखा माणसाला घेऊन जातो.

एखाद्या खिडकीला पत्राच नसेल तर ५/८ इंच जाडीचं बाहेरच्या वापराचं प्लायवुड, खिडकीच्या चारी बाजूंनी ४ इंच जास्त कापलेलं. स्क्रू एकेका फुटावर. खाली काँक्रीटमध्ये अँकर, वर लाकडी सांगाड्याच्या उभ्या दांड्यांतच. खिडकीच्या चौकटीत नाही, ती चौकटीसकट उखडून निघते. काचांवर टेपच्या फुल्या मारतात त्याने काहीही होत नाही, उलट काच मोठ्या तुकड्यांत फुटून येते. एक बाहेर जायची वाट आतून उघडेल अशी ठेवायची, आणि वादळ गेलं की पत्रे उतरवायचे. बंद घरात आग लागली तर पळायला खिडकी हवी.

झाडांच्या फांद्या छाटायच्या त्या मे महिन्यातच. वादळाच्या आदल्या दिवशी छाटलेल्या फांद्या कचऱ्याच्या गाडीची वाट बघत रस्त्याच्या कडेला पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीवर आदळतात. अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या, ओवीची गाडी, तुळस, सगळं आत. ग्रिलचा गॅस सिलिंडर मात्र आत नाही, तो बाहेरच बंद करून बांधून ठेवायचा. घरामागच्या तळ्याकडे जाणाऱ्या गटाराच्या जाळीवरचा पालापाचोळा आदल्या दिवशी काढ. ती जाळी तुंबली की समुद्रापासून कितीही लांब असलं तरी पाणी अंगणातून आत येतं.

आता घरातली तयारी. पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन, पाच माणसं, सात दिवस, म्हणजे ३५ गॅलन, साधारण १३२ लिटर. अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्यांचा खोका १२ लिटरचा, असे ११ खोके. एकदम आणू नकोस; जूनपासून दर आठवड्याच्या सामानात एक खोका. वादळाची बातमी आली की पहिल्या दोन तासांत दुकानातलं पाणी संपतं. आदल्या दिवशी बाथटब धुऊन भरून ठेव, ते पाणी फ्लशसाठी. टबचं बूच रात्रीतून झिरपतं, म्हणून बुचावर प्लास्टिक पसरून कडेने टेप लाव. आणि टब असलेल्या बाथरूमचं दार बंद, ओवी आहे. पाणी कमी पडलंच तर वॉटर हीटरच्या टाकीत ४०-५० गॅलन चांगलं पाणी असतं. आधी त्याचा ब्रेकर पाड, निवू दे, मग खालच्या तोटीतून काढ.

नळाचं पाणी उकळून प्या अशी नोटीस निघाली तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. उकळायची सोय नसेल तर बिनवासाचं ६ टक्क्यांचं साधं ब्लीच, एका गॅलनला ८ थेंब, आणि अर्धा तास थांबायचं. ओवीसाठी मात्र पावडरीचं दूध नको. तयार पातळ फॉर्म्युल्याच्या लहान बाटल्या ठेव, म्हणजे पाण्याचा प्रश्नच येत नाही आणि उरलेलं साठवावं लागत नाही.

तुमची शेगडी विजेची आहे, वीज गेली की स्वयंपाक बंद. म्हणून न शिजवता होणारं खाणं हवं, आणि आपल्याकडे ते भरपूर आहे. पातळ पोह्यांचे दडपे पोहे, सातूचं पीठ गूळ-पाण्यात, चुरमुरे-दाणे-मेतकूट, भिजवून मोड आणलेले मूग, दशम्या, बेसनाचे लाडू, खाकरे. सईच्या आईंना सांगितलंस तर आठवड्याचा फराळ त्या एका दिवसात तयार करतील. मिठाचं कमी ठेवायला सांग, तहान वाढते. छोटा गॅसचा स्टोव्ह असेल तर तो घराबाहेर, उघड्यावर, वारा पूर्ण थांबल्यावरच, गॅरेजमध्येही नाही. त्यावर कुकर लावला तर गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं.

फ्रीझरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेव, वर दोन बोटं मोकळी सोडून, नाही तर फुटतात. भरलेला फ्रीझर न उघडता ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास, आणि खालचा फ्रिज जेमतेम ४ तास. एका पेल्यात पाण्याचा बर्फ करून त्यावर नाणं ठेव. नाणं पेल्याच्या तळाला गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून गेलं होतं, मग दही-दूध-भाजी काही वाचवत बसायचं नाही.

सईच्या बाबांचं इन्सुलिन ही वेगळी गोष्ट. वापरात असलेली बाटली किंवा पेन खोलीच्या तापमानाला साधारण २८ दिवस चालतं, पण ८६ अंश फॅरनहाइटच्या वर नाही, आणि एसी बंद झालेलं इथलं घर त्याच्या वर सहज जातं. ते ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवायचं. बर्फाला थेट चिकटवायचं नाही, गोठलं की वाया जातं. आणीबाणी जाहीर झाली की फ्लोरिडात ३० दिवसांची औषधं मुदतीआधी घेता येतात, पण ती इथल्या विम्यावर. पुण्याहून येणाऱ्यांनी गोळ्या महिनाभराच्या जास्तच आणाव्यात, हे त्यांना निघण्याआधी सांग.

पासपोर्ट, व्हिसाची कागदं, ओवीचा जन्मदाखला, घराची आणि विम्याची कागदं एका जाड झिपच्या पिशवीत. सुट्ट्या नोटा ठेव, पाच-दहा डॉलरच्या. वीज नसली की कार्ड चालत नाही आणि शंभराचे सुटे कुणाकडे नसतात. आणि घरातल्या प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, एक व्हिडिओ. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान येत नाही. पुराचा सरकारी विमा घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, म्हणून तो या आठवड्यात घे, वादळाचं नाव ऐकल्यावर नाही. हरिकेनचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण सोसायचा वाटाही, घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत असतो, बहुधा २ टक्के. चार लाख डॉलरचा विमा असलेल्या घराला पहिले आठ हजार आपले, एवढी रक्कम हाताशी ठेव.

जनरेटरबद्दल मी कठोरपणे लिहिणार आहे. वादळातून नीट सुटलेली माणसं नंतर या यंत्राने जातात. २०२० मध्ये लॉराच्या वेळी लुइझियानात वाऱ्या-पाण्याहून जास्त चर्चा कार्बन मोनॉक्साइडने गेलेल्या माणसांची झाली. या वायूला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. जनरेटर घरापासून निदान २० फूट, धुराचं तोंड घराच्या आणि शेजाऱ्याच्या खिडक्यांपासून उलट दिशेला. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवूनही आत नाही. मागच्या जाळीच्या पडवीतही नाही. पाऊस लागतो म्हणून लोक आत ओढतात, तिथेच घात होतो. पाऊस असेल तेव्हा बंद ठेवायचा, किंवा त्यासाठीच मिळणारं छत्र लावायचं. प्रत्येक मजल्यावर बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, आणि तो वाजला की आधी सगळ्यांनी बाहेर, मग फोन.

आकार मोठा घेऊ नकोस. २,००० ते २,२०० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर फ्रिज, दोन पंखे आणि फोन चालवतो. चौथाई भारावर एका गॅलन पेट्रोलमध्ये साधारण ८ तास. खिडकीतला ५,००० बीटीयूचा छोटा एसी घेऊन ठेवलास तर एक खोली थंड ठेवता येते, ओवीसाठी आणि आजी-आजोबांसाठी तेवढी एक खोली पुरे. वायर बाहेरच्या वापराची, १२ गेजची. बारीक वायर तापते आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर जळतो. जनरेटरची वायर घराच्या सॉकेटमध्ये उलटी घालायची नाही. त्याने रस्त्यावरच्या तारेत वीज जाते आणि दुरुस्तीला चढलेला माणूस मरतो. पेट्रोल घालण्याआधी बंद करून पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ दे.

प्रत्यक्ष रात्री. अंधार पडायच्या आत सगळ्यांचं जेवण, अंघोळ, फोन पूर्ण चार्ज. सगळे तळमजल्यावर, आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या जागी. तुमच्या घरात जिन्याखालचं कपाट आणि त्याला लागून असलेलं छोटं बाथरूम, या दोन जागा. आत्ताच ते कपाट रिकामं कर. आजी-आजोबांना बसायला खुर्च्या, एक गादी अंगावर घ्यायला, सगळ्यांच्या पायांत बूट, चपला नाहीत. फुटक्या काचांतून रात्री चालावं लागतं. ओवीला सायकलचं हेल्मेट. मेणबत्त्या नकोत, डोक्याला बांधायचे दिवे घे, हात मोकळे राहतात. बॅटरीचा वेदर रेडिओ हवाच, मोबाइलचे टॉवर मध्यरात्री जातात.

आतल्या सगळ्या खोल्यांची दारं लावून घे. एखादी खिडकी फुटली तर वारा त्या एका खोलीत अडतो. विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने चाचण्या करून दाखवलं आहे की एवढ्याने छतावरचा रेटा ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. दाब सारखा राहावा म्हणून उलट बाजूची खिडकी किलकिली ठेवा, असं कुणीतरी सांगेल. ते चूक आहे, त्याने वाऱ्याला वाट मिळते. वरच्या मजल्यावर काही फुटल्याचा आवाज आला तरी बघायला जायचं नाही.

वादळ पोचण्याच्या आधी कित्येक तास त्याच्या बाहेरच्या पट्ट्यांतून टॉर्नेडो, म्हणजे गरगरणाऱ्या वाऱ्याचे खांब, निघतात. मिल्टनच्या वेळी, ते पश्चिमेला लागण्याच्या आधीच, पूर्व किनाऱ्यावर सेंट लुसी काउंटीत टॉर्नेडोने सहा माणसं गेली. म्हणून दुपारपासूनच फोनचे इशारे चालू, आणि टॉर्नेडो वॉर्निंग वाजली की ताबडतोब त्या कपाटात.

मग एकदम सगळं शांत होईल. वारा थांबेल, आकाशही दिसेल. तो डोळा आहे. काही मिनिटं टिकतो, कधी अर्ध्या तासाहून जास्त, आणि मग वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. पहिल्या वाऱ्याने खिळखिळी झालेली झाडं दुसऱ्या वाऱ्यात पडतात. शांत झालं म्हणून सईचे बाबा अंगण बघायला निघतील, त्यांना आधीच समजावून ठेव. रेडिओने संपलं म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही.

पाणी उंबऱ्याशी आलं तर मुख्य ब्रेकर पाडायचा, पण पाय कोरड्यात असतील तरच. मग वरच्या मजल्यावर, आतल्या खोलीत. बंद अ‍ॅटिकमध्ये मात्र चढायचं नाही. कट्रिनामध्ये माणसं तिथे चढली आणि छप्पर फोडता न आल्याने अडकून गेली. गाडी काढून पळायची वेळ तेव्हा निघून गेलेली असते. ६ इंच वाहतं पाणी माणसाचे पाय ओढतं, एक फुटात लहान गाडी तरंगते.

सकाळी खरा लांबचा पल्ला सुरू होतो. आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाचा वारा श्रीवर्धन-दापोलीकडे काही तासच वाहिला, पण कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. इथेही तसंच होतं, आणि त्यात बंद घरं एसीशिवाय राहण्यासाठी बांधलेलीच नाहीत. २०१७ मध्ये इर्मानंतर आमच्या काउंटीतल्या एका नर्सिंग होममध्ये एसी बंद पडला आणि उकाड्याने १२ वृद्ध गेले; वादळाने इमारतीला काही केलं नव्हतं. तेव्हा आजी-आजोबांवर आणि ओवीवर लक्ष. दुपारी ओल्या फडक्याने अंग पुसायचं, दर तासाला पाणी प्यायला लावायचं, तहान नसली तरी. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, त्वचा कोरडी गरम लागली, ओवी सुस्त झाली किंवा आठ तास लंगोट कोरडा राहिला, तर सहन करत बसू नका, थंड जागी न्या, डॉक्टर गाठा.

पडलेली तार जिवंतच समजायची, ३५ फूट लांब. साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही. त्यात सांडपाणी असतं, साप असतात, आणि खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचा जिवाणू, जो लहानशा जखमेतून शिरून पाय घालवतो. छपरावर चढून ताडपत्री तू लावू नकोस आणि चेनसॉ उसना आणून झाड तर मुळीच कापू नकोस, त्या आठवड्यातल्या इस्पितळांतल्या किती तरी जखमा याच दोन कामांच्या असतात. आधी सगळ्या नुकसानीचे फोटो, मग आवराआवर. भिजलेले गालिचे आणि ड्रायवॉल २४ ते ४८ तासांत बुरशी धरतात, म्हणून ते बाहेर काढायला विमावाल्याची वाट बघायची नाही, तुकडा मात्र नमुना म्हणून जपून ठेव. दारावर येऊन आजच सही करा म्हणणाऱ्या छपरवाल्याच्या कागदावर सही करायची नाही.

फोन न करता मेसेज पाठव, टॉवर अर्धमेले असताना मेसेज जातो. पुण्याला एकालाच कळवा, सईच्या भावाला, आणि बाकीच्यांना तो सांगेल. तुमची रात्र म्हणजे त्यांची सकाळ, ते टीव्ही बघत बसलेले असतील. आधीच सांगून ठेवा की दोन दिवस मेसेज आला नाही तरी त्याचा अर्थ फोन बंद एवढाच.

येत्या शनिवारी पत्रे लावून बघ आणि विंगनट किती कमी पडतात ते मोजून कळव. पाव इंची, इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. बाबा पुढच्या महिन्यात तिकडे येताना घेऊन येतील, आणि वरच्या मजल्याच्या पत्र्यांना शिडी धरतील.

ओवीला पापा, सईला आशीर्वाद.

तुझी
आई